वाचलं, पण आमेन नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सर्वांत आधी माझ्या नणंदेचं वचन येतं. मागे उगवता सूर्य नाहीतर कबुतर, त्यावर पिवळ्या अक्षरांत शास्त्रातली एक ओळ, आणि खाली ताईंची स्वतःची ओळ: 'ज्याला प्रभूची लाज वाटत नाही त्याने आमेन लिहावं.' मग एकेक जण आमेन लिहीत जातो. चुलतदीर बहुधा अंथरुणातूनच लिहितात. मावससासूबाई आमेनच्या पुढे जोडलेल्या हातांची ओळच्या ओळ लावतात. त्या वेळी मी गिऱ्हाइकांच्या डब्यांच्या पोळ्या लाटत असते. पिठाच्या बोटानं फोन उघडते, बघते आणि बाजूला ठेवते.

ग्रुपवर कोणी वाचलं आणि कोणी नाही, हे पाठवणाऱ्याला कळतं, हे मला ठाऊक नव्हतं. ताईंना ठाऊक होतं. एके दिवशी वाचून गप्प बसलेल्यांची नावंच त्यांनी ग्रुपवर टाकली आणि वर मथळा दिला: 'वाचलं, पण आमेन नाही.' नावं दोनच होती. एक भाचेजावयाचं होतं. त्यानं घाईघाईनं आमेन लिहून वर माफीही मागितली. दुसरं माझं. मी अंगठा पाठवला. त्यावर ताईंचा फोन आला.

"अंगठा त तू दूधवाल्यालेही पाठवते वं," त्या म्हणाल्या.

"दूधवाल्यानं कधी माझं नाव ग्रुपवर नाही टाकलं, ताई," मी म्हणाले. मला राग लवकर येतो आणि तोंडावाटे बाहेर पडतो. नवरा बाजूला बसून चहात पोळी बुडवत होता, तो हसला. तेव्हा आम्ही दोघंही हसण्यावारी नेत होतो.

पुढेही नेलं असतं. पण माझ्या नवऱ्याला फिट येतात.

मी बौद्ध घरातली. आजोबांनी छप्पन साली इथंच, याच शहरात दीक्षा घेतली. त्यामुळे श्रद्धा चारचौघांत बोलून दाखवण्याचं मला वावडं नाही. आजोबांनी ती भर मैदानात उभं राहून मोठ्यानं बोलून दाखवली होती. पण ते स्वतःबद्दल बोलले होते. शेजारच्याकडे बोट दाखवून 'हा काहून नाही बोलून राहिला' असं त्यांनी विचारल्याचं मी कधी ऐकलं नाही.

नवरा जुन्या चर्चच्या घरातला. कॉलेजात ओळख झाली, कोर्टात लग्न झालं. दोन्ही घरं वर्षभर रुसली आणि मग कंटाळून बोलायला लागली. सासूबाई सकाळी डोक्यावर पदर घेऊन, दार अर्धं लोटून प्रार्थना करायच्या. त्यांची रक्तदाबाची गोळी बायबलच्याच कव्हरवर ठेवलेली असायची. डोळे उघडले की त्या आधी गोळी घ्यायच्या. "डॉक्टरच्या हातात बळ तोच देते," एवढंच म्हणायच्या. मला त्यांनी कधी चर्चमध्ये चल म्हटलं नाही. नाताळात मी त्यांच्याबरोबर करंज्या तळायची आणि बुद्धपौर्णिमेला त्या माझ्या खिरीची दुसरी वाटी मागून घ्यायच्या. त्या होत्या तोवर आमच्या घरात देवावरून भांड्याला भांडं लागलं नाही.

ताईंचा मला राग आहे, तरी एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. त्यांचे यजमान कोरोनात गेले. जरीपटक्याच्या त्या दोन खोल्यांत त्या एकट्या पडल्या. आम्ही सख्खे असूनही फाटकाबाहेरून बोलत होतो, डबा पायरीवर ठेवून मागे सरकत होतो. त्या दिवसांत एका नव्या प्रार्थनासंगतीतले लोक त्यांच्याशी फोनवर तासन् तास बोलायचे, गाणी म्हणायचे, रडू द्यायचे. फोननं त्यांना उभं केलं. मग त्यांना वाटायला लागलं की फोनवरून सगळ्यांनाच उभं करता येतं. त्यांनी स्वतःचं पान उघडलं. दर रविवारी दुपारी संगतीच्या हॉलमधून त्यांचं लाइव्ह सुरू झालं.

नवरा इतवारीत भांड्यांच्या ठोक दुकानात कामाला आहे. कॉलेज संपता संपता त्याला पहिली फिट आली, तेव्हापासून रात्रीच्या जेवणाबरोबर एक गोळी. गोळी नीट चालू असली की तो तुमच्या-आमच्यासारखाच. पण मधे दिवाळीच्या गर्दीत दुकान उशिरा बंद व्हायचं, बाहेर काहीतरी खाऊन तो घरी येऊन तसाच झोपायचा, आणि गोळ्या चुकल्या. एके दिवशी दुकानातच, स्टीलच्या डब्यांच्या चळतीसमोर तो पडला. चळत अंगावर आली. आवाजानं अख्खी गल्ली गोळा झाली, हातगाडीवाले गाड्या सोडून बघायला आले. शुद्धीवर आला तेव्हा त्याची पँट ओली होती आणि भोवती माणसं होती. डोक्याला टाके पडले ते भरले, पण ती माणसं त्याच्या डोळ्यांसमोरून हटेनात. शेठनं थोडे दिवस आराम कर म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. कुठं जायचं तर ऑटोनं, आणि तो बोलायचाच बंद झाला.

त्याच दिवसांत ताई घरी आल्या. भावाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. रडल्याही, आणि ते रडणं खरं होतं. फोन मात्र त्यांनी समोरच्या शोकेसमध्ये, काचेच्या बदकाला टेकवून उभा केला होता. मी स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा घेऊन उभी होते. संध्याकाळी तो व्हिडिओ मी पाहिला. माझं तोंड दिसतं तिथं त्यांनी चित्र थांबवलं होतं आणि खाली लिहिलं होतं: 'माझ्या भावाच्या घरात एक जीव अजून अंधारात आहे. तिच्या अविश्वासामुळे भावाची सुटका अडली आहे. तिच्यासाठी आमेन लिहा.'

लोकांनी लिहिलं. ओळखीच्यांनी, अनोळख्यांनी, दुबईतून कोणी, कामठीतून कोणी. माझ्याकडून डबा घेणाऱ्या दोन मुलींनीही लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या डबा न्यायला आल्या तेव्हा जिन्यात माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मलाच काहीतरी झालंय. मी ताईंना फोन करून माझं तोंड काढून टाका म्हणून सांगितलं. त्या प्रेमानं म्हणाल्या, "तुझ्यासाठी एवढे लोक प्रार्थना करून राहिले वं, याच्यात वाईट काय झालं?" काय वाईट झालं ते मला त्या वेळी नीट सांगता आलं नाही. शिवी मात्र आली, ती मी गिळली.

मग नवरा ताईंच्या हॉलवर गेला आणि त्यानं साक्ष दिली.

साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सभेत उभं राहून सांगायचं. सासूबाईंच्या चर्चमध्येही साक्ष असायची. कोणी परीक्षेत पास झाला, कोणाचं बाळंतपण सुखरूप झालं. माणसं उठून दोन वाक्यं बोलायची आणि बसायची. ताईंच्या संगतीत ती फोनसमोर द्यायची असते. ती पानावर कायम राहते, लोक ती पुढे पाठवतात. आणि एकदा साक्ष दिली की मागे फिरायचं नसतं. बरा झालो म्हणून सांगितल्यावर जो औषध घेतो, त्यानं देवाला खोटं पाडलं असं तिथं धरतात.

त्या रविवारी मी पोळ्या लाटत फोन बघत होते. नवरा पांढरा शर्ट घालून उभा राहिला. खिशातून गोळ्यांची पट्टी काढून त्यानं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आजपासून मले याची गरज नाही." हॉलमधे टाळ्या पडल्या. स्क्रीनवर हृदयं उडायला लागली. माझ्या हातातली पोळी तव्यावर जळाली.

त्या संध्याकाळी मी भांडले, मग विनवलं, मग पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं.

"एकदम बंद केली त जोरात येईल, डॉक्टरनं सांगतलं होतं नं तुले?"

"नाही येणार."

"नाही येणार त चांगलंच आहे. घेतल्यानं काय बिघडते?"

"मी एवढ्या लोकांसमोर बोललो," तो म्हणाला. "दुकानात पडलो तेव्हा गल्लीनं पाहिलं. आता उभा राहिलो तेही साऱ्यांनी पाहिलं. आता घरी येऊन लपून गोळी खाऊ काय?"

खाऊ काय म्हणजे, खा नं बाप्पा. पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कितीतरी दिवसांनी पाहत होते. त्याची मान वर होती.

मी एकटीच डॉक्टरकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्याला घेऊन या म्हणाले. तो येणार नाही, मी म्हटलं. लपवून द्या असं मी सांगणार नाही, म्हणाले, पण गोळी थांबवणं धोक्याचं आहे. मेडिकलवाल्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ही कुटून दिली तर चालते काय? "चालते, पण कडू लागते लय," तो म्हणाला.

कडू लागते, म्हणून मी कारली आणली.

त्याआधी आमच्याकडे कारलं महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचं. आता मी ते चिंच-गूळ घालून, भरून, काचऱ्या करून, कुरकुरीत तळून, सगळ्या तऱ्हांनी करायला लागले. मधून मधून मेथी. गोळी खलबत्त्यात कुटायची नाही, आवाज होतो. दोन चमच्यांमधे दाबली की पीठ होतं. त्याची वाटी मी वेगळी भरायची, आणि ती त्यानं पुसून खाईपर्यंत समोरून उठायची नाही. "काहून वं, कारल्याचं शेत घेतलं काय?" तो विचारायचा. "रक्त साफ होते," मी म्हणायची. तो तोंड वाकडं करून खायचा, कारण माझ्या हातचं टाकायची त्याला सवय नव्हती. माझा धंदाच तो आहे, लोक माझ्या हातचं डोळे मिटून खातात. मी केलं ते बरोबर होतं की नाही यावर लोकांनी खुशाल बोलावं. मला तो जिवंत हवा होता.

फिट आली नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. तो पुन्हा कामावर जायला लागला. फिट येत नाही हीच साक्षीची खूण ठरली. ताईंनी त्याला स्कूटरवर बसवून व्हिडिओ काढला. गॅलरीतून मी बघत होते. त्यानं किक मारली, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळून आला, आणि ताई फोनमधे ओरडून सांगत होत्या, "पाहा, प्रभूनं काय केलं ते पाहा! आमेन लिहा!" खाली उतरून त्यांच्या हातातला फोन घ्यावा आणि सांगावं, प्रभूनं नाही ताई, कारल्यानं, असं वाटलं. पण सांगितलं की तो माझ्या हातचं खाणार नाही. नाही सांगितलं तर स्कूटर चालवणार. दोन्हीकडून मीच अडकले होते. रोज तो इतवारीहून येईपर्यंत माझं लक्ष जिन्याकडे असायचं. उशीर झाला की मी गॅस बारीक करून नुसती उभी राहायची.

ताई मात्र माझ्याशी मायेनं वागायला लागल्या. एकदा साडी आणली. "तुझ्याही मनात काहीतरी चालू आहे, मले दिसते," म्हणाल्या. चालू होतं, पण त्यांना दिसत होतं ते नव्हे.

नवऱ्याचा व्हिडिओ लांबवर गेला. लोकांचे फोन यायला लागले. एक दिवस दुपारी काटोलहून एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसनं आली. बरोबर पिशवीभर संत्री. ताईंनीच पत्ता दिला होता आणि त्याही आल्या होत्या. मुलगी नऊ-दहा वर्षांची, समोरचा दात अर्धा तुटलेला. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पडली होती, बाई म्हणाली. नवऱ्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते. तो खरंच मागत होता, त्या पोरीसाठी जीव तोडून मागत होता, आणि ते बघवेना म्हणून मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. बाई माझ्या मागोमाग संत्री ठेवायला आली.

"गोळ्या चालू आहे नं पोरीच्या?" मी विचारलं.

"नाही ताई. मागच्या रविवारपासून बंद केल्या. भाऊंची साक्ष पाहिली, म्हटलं आपला विश्वास काहून कमी असावा?"

"बंद नका करू," मी म्हणाले. "माझं ऐका. आज घरी गेल्या की चालू करा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला नाही, वाईट वाटलं. माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "ताई, तुमच्यासाठी पण आम्ही प्रार्थना करून राहिलो. तुमचा फोटो मी रोज पाहतो."

तेव्हा मला समजलं की त्या व्हिडिओत काय वाईट होतं. त्या फोटोनं माझं तोंडच बंद करून टाकलं होतं. मी काहीही बोलले तरी ते अंधारातल्या बाईचं बोलणं. मी म्हटलं असतं की घराला आग लागली आहे, तरी या माणसांनी आधी माझ्यासाठी प्रार्थना केली असती.

बाहेर मुलगी संत्रं सोलत होती. जाताना तिनं अर्धं मला दिलं. ते तिच्या हातातच सालीतल्या सालीत फाटलं होतं, तरी तिनं नीट दोन भाग करायचा प्रयत्न केला. त्या रात्री मी कारलं केलं, त्याची वाटी भरली, आणि माझं ताट तसंच झाकून ठेवलं. माझ्या नवऱ्याला मी वाचवत होते, आणि त्याच्याकडे बघून ती पोर मरायला निघाली होती.

रविवारी लाइव्ह सुरू झालं. ताईंच्या सभेत एक पद्धत आहे. गाणं संपलं की खाली आलेल्या ओळी कोणीतरी मोठ्यानं वाचतं, कुठल्या गावाहून कोणी आमेन लिहिलं ते. गेले काही रविवार हे काम नवऱ्याकडे होतं. त्याचा आवाज चांगला आहे. समोर येईल ती ओळ तो वाचत जातो. मला ते माहीत होतं आणि म्हणूनच मी लिहायचं ठरवलं. त्यानं वाचलं असतं तर ते काटोलपर्यंत गेलं असतं. ती बाई बघत होतीच, तिचं आमेन वर येऊन गेलेलं मी पाहिलं होतं.

मी लिहिलं: 'त्याला मी रोज भाजीतून गोळी देते. म्हणून फिट येत नाही. काटोलच्या ताई, मुलीच्या गोळ्या आजच चालू करा.'

ओळ गेली आणि आमेन-आमेनच्या लोंढ्यात वर सरकून दिसेनाशी झाली. मी तीच पुन्हा पाठवली. पुन्हा गेली. मी तेच चिकटवत राहिले, पाठवत राहिले. तो वाचत होता, "भंडाऱ्याहून आमेन. वर्ध्याहून आमेन." मग तो म्हणाला, "त्याला मी रोज…" आणि थांबला.

त्याच्या वाचण्यातून त्याला काय कळलं ते मी त्याच्या चेहऱ्यावर बघत होते. शेकडो लोक बघत असतील. त्याचे डोळे ओळीवरून पुढे गेले, परत मागे आले. तोंड उघडं राहिलं. एरवी तो फोनकडे बघून हसतो, त्या वेळी मात्र त्यानं सरळ फोनमधे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे. ताईंनी "काय झालं?" म्हणून फोन त्याच्या हातातून घेतला, वाचला, आणि क्षणभरानं म्हणाल्या, "शत्रू असाच घरातून येते. साऱ्यांनी आमेन लिहा." गाणं सुरू झालं. माझ्या फोनवरून ते पान नाहीसं झालं. त्यांनी मला काढून टाकलं होतं.

तो घरी आला तेव्हा ताट वाढलेलं होतं. साधं वरण, भात, बटाट्याची भाजी. त्यानं प्रत्येक वाटीत बोट फिरवून पाहिलं.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे मी बरा नव्हतो झालो."

"गोळीनं बरा होता नं. ते काय कमी आहे काय?"

तो रडला. मी त्याला इतकं रडताना त्याची आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. "तू मले सगळ्यांसमोर पुन्हा पाडलं," तो म्हणाला. मग ताट हळूच पुढे सरकवलं आणि उठला. त्या दिवसापासून तो माझ्या हातचं खात नाही. बाहेरून खाऊन येतो. पाणीसुद्धा स्वतः माठातून घेतो आणि ग्लास आधी विसळतो.

डबे घेणारेही गळायला लागले. 'ही डब्यात काय टाकते कोणास ठाऊक' असं कोणीतरी त्या पानावर लिहिलेलं एका डबेवाल्या मुलीनं मला दाखवलं. त्याखालीही आमेन होते.

काटोलच्या बाईला मी खूप फोन केले. तिनं उचलला नाही. मी संदेश पाठवले, ते तिनं वाचले, उत्तर नाही. मग एक दिवस सकाळी तिच्याकडून एक फोटो आला. गोळ्यांची पट्टी, दोन घरं फोडलेली, आणि कडेला मुलीचा पेन्सिलनं माखलेला अंगठा. मी पाहते न पाहते तोच तो तिनं मिटवून टाकला. त्याच दिवशी तिच्या स्टेटसला होतं, 'प्रभूने माझ्या मुलीला राखलं.' मला त्याचं काही वाटलं नाही. खुशाल राखू दे.

नवऱ्याला सांगितलं. "काटोलच्या पोरीनं गोळी घेतली. कोणाले नाही सांगतलं, नुसती घेतली. तूही घे."

"तिनं कुठं साक्ष दिली होती?" तो म्हणाला. "मी एवढ्या लोकांले काय तोंड दाखवू?"

आता गोळी मी लपवत नाही. रोज संध्याकाळी ती मिठाशेजारी उघडी ठेवते. तो ती उचलून खिडकीत ठेवतो. सकाळी मी ती पट्टीत परत ढकलते, बसत नाही तरी ढकलते. स्कूटरची किल्ली लपवली तर त्यानं दुसरी करून घेतली. त्याच्या हातातून ग्लास पडल्याचा आवाज झाला तरी मी धावत जाते. तो तिथं बसलेला असतो, ग्लास उचलत.

काल ग्रुपवर ताईंचं वचन आलं. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'माझा भाऊ परीक्षेतून जात आहे. सगळ्यांनी आमेन लिहा.' सगळ्यांनी लिहिलं. पलीकडच्या खोलीतून नवऱ्यानंही लिहिलं. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, माझं नाव टाकण्यातही आता कोणाला काही उरलं नव्हतं. माझ्या मनात आलं, याच्यासाठीच तर सगळं चाललं आहे नं? एका शब्दासाठी? मग घ्या. आजोबा असते तर ते काय म्हणाले असते मला माहीत नाही. पण त्यांनी माझ्या नवऱ्याला स्कूटरवरून गल्लीच्या टोकाशी वळताना पाहिलेलं नाही. मी 'आमेन' लिहिलं, पाठवलं, आणि गोळी तळहातावर घेऊन त्याच्या खोलीत गेले.

"लिहिलं मी," म्हणाले. "तू म्हणशील त हॉलमधे येतो, उभी राहतो, जे म्हणायला लावशील ते म्हणतो. ही एवढी गोळी घे."

त्यानं आधी फोनमधे पाहिलं. माझं नाव, त्यापुढे तो शब्द. त्याच्या हातातला फोन वाजायला लागला, ग्रुपवर हृदयं, हात, फुलं यायला लागली. ताईंचा फोन आला, त्या रडत बोलत होत्या ते मला इथं ऐकू येत होतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तोच जुना उजेड आला. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पाह्य," तो म्हणाला, "त्यानं ऐकलं. अडलं होतं ते हेच होतं वं. आता गोळी कायले पाहिजे?"

"अगा, नाही, थांब…"

पण तो बहिणीला भेटायला निघालाही होता. हेल्मेट खुंटीवरच राहिलं. मी जिन्यापर्यंत गेले, ओरडले, आणि खाली स्कूटर सुरू झाली. तळहात घामानं ओला झाला होता आणि गोळी त्याला चिकटून विरघळायला लागली होती.